एका फाइलीत दोन आवाज

ब्राउझरमध्ये काळी चौकट उघडून तिच्या मधोमध पांढरं कडं फिरायला लागलं, की लोकांना कंटाळा येतो. माझा हात आधी स्पीकरच्या वायरीकडे जातो. ते कडं थांबल्यावर कोणाचा आवाज बाहेर पडू शकतो, हे मी एकदा संग्रामपूरच्या नेट कॅफेत भर बाजाराच्या दिवशी ऐकलं आहे.

मी बुलढाण्याला, पत्रकांच्या घरात वाढले. बाबा पत्रकं लिहायचे, तिथल्याच छापखान्यातून छापून आणायचे आणि आई नि मी जेवणं झाल्यावर त्यांच्या घड्या घालत बसायचो. अक्षरं मी 'जाहीर निषेध' आणि 'बंधुभगिनींनो' यांवरून ओळखायला शिकले. आमच्या वस्तीची पाण्याची टाकी, मजुरी, रेशन, स्मशानाची जागा, सगळ्यावर पत्रक निघायचं. बाबांचे त्यात दोन नियम होते. ज्याची हकीकत पत्रकात आहे त्याला ती छापायच्या आधी वाचून दाखवायची. तो नको म्हणाला तर छापायची नाही. आणि माणसाच्या तोंडून जसंच्या तसं लिहून घेतलेलं मूळ बोलणं कधीही नष्ट करायचं नाही. उद्या कोणी विचारलं, हे तुमच्या मनचं कशावरून नाही, तर दाखवायला काहीतरी हवं, असं ते म्हणायचे. हे नियम मोडलेले मी पाहिले नव्हते. ते मोडता येतात असंही मला वाटलं नव्हतं.

मी कॉलेजात गेले तोवर पत्रक हातात घेणारा माणूस ते न वाचताच त्यात भजी बांधून न्यायला लागला होता. लोकांची मान मोबाइलवर वाकली होती. म्हणून आम्ही चार मित्रमैत्रिणींनी एक वेबसाइट काढली. लोकांनी आपापल्या मोबाइलवर आपलं म्हणणं चित्रित करायचं, आमच्याकडे पाठवायचं आणि आम्ही ते सगळ्यांना बघता येईल असं लावायचं. पत्रकच ते, फक्त बोलणारं.

ज्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. बीटीचं बियाणं लावलं की बोंडअळीसाठी फवारायची गरज नाही, असं कृषी केंद्रावाले, म्हणजे बियाणं-औषधं विकणारे, सांगत आले होते. त्या वर्षी हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. मग लोक घाबरून फवारायला लागले. एका औषधाने भागेना तेव्हा दोन, मग तीन एकत्र करून. झाडं उंच, म्हणून नळी वर धरून फवारायचं आणि वर गेलेलं औषध वाऱ्याने परत फवारणाऱ्याच्याच तोंडावर यायचं. फवारणारा बहुतेक वेळा मजूर. शेत त्याचं नाही, बियाणं त्याचं नाही, औषध त्याने निवडलेलं नाही. दवाखान्यात भरती मात्र तो.

व्हिडिओ यायला लागले आणि आम्ही गोंधळलो. प्रत्येकाचा मोबाइल वेगळा, प्रत्येकाची फाइल वेगळी. साध्या बटणांच्या मोबाइलवरची थ्री-जीपी, तिच्यात माणूस काडेपेटीवरच्या चित्राएवढा. पुण्याला कामाला असलेल्या कोणाच्या तरी पुतण्याची एमओव्ही. एका गावाने तर लग्नाची शूटिंग करणाऱ्यालाच बोलावून शेत दाखवलं. त्याची एव्हीआय फाइल आली तेव्हा सडक्या बोंडांवर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या आणि कोपऱ्यात 'शुभविवाह' लिहिलेलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तीच चौकट बसवलेली, ती त्याला काढता येत नव्हती. त्यावर आम्ही खूप हसलो. त्या पावसाळ्यात हसल्याचं एवढंच आठवतं.

यातलं बहुतेक काही ब्राउझरमध्ये चालायचं नाही. काळी चौकट, फिरतं कडं, आणि मग काहीच नाही. आमच्यातला एक जानेफळचा होता, खामगावला कॉम्प्युटर शिकायचा. आम्ही त्याला जानेफळच म्हणायचो. वेबसाइटचं सगळं तांत्रिक काम त्याच्याकडे. तो म्हणायचा, "ब्राउझर म्हणजे लाडाचं पोरगं हाये. पाच ताटं वाढून ठेवा, थे एकातलंच खाते." त्याने मला समजावलं होतं, की फाइलीचा प्रकार म्हणजे नुसता डबा. आत चित्र वेगळं भरलेलं असतं, आवाज वेगळा. काही डबे ब्राउझरला उघडताच येत नाहीत. मग आपण आतला माल काढायचा आणि त्याला उघडता येईल अशा एमपीफोरच्या डब्यात भरून द्यायचा. हे काम आपोआप करणारा एक प्रोग्राम त्याने वेबसाइटवर बसवला. कोणतीही फाइल चढवा, थोड्या वेळाने तिची एमपीफोर होऊन पानावर दिसायची. आम्हाला ते फार मोठं यश वाटलं.

मावशींची फाइल त्यातूनच गेली.

मावशी संग्रामपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावच्या. गावाचं नाव मी आजही लिहीत नाही. त्यांचे यजमान, म्हणजे काका, एका मालकाच्या शेतात फवारणीला जायचे. शेतही त्या मालकाचं, गावाच्या अलीकडचं कृषी केंद्रही त्याचंच. तोच तीन बाटल्या एका बादलीत ओतून द्यायचा. एका दुपारी काका बांधावर पडले, तोंडाला फेस, डोळ्यांपुढे अंधार. दवाखान्यात नेताना मालक गाडीत मावशींच्या शेजारी बसला आणि म्हणाला, डॉक्टरने विचारलं तर दारूच्या भरात स्वतःच औषधाचा डबा तोंडाला लावला म्हणून सांग. मावशींनी सांगितलं तसं. कारण त्या राहायच्या ती खोलीही मालकाच्याच शेताच्या कडेला होती. काका वाचले, पण नजर गेल्यातच जमा झाली. आणि कागदोपत्री ते स्वतःच्या हाताने विष प्यायलेले माणूस झाले.

हे त्यांना सांगायचं होतं. एकच अट होती.

"मी हाये हे त्याले समजलं नाई पाह्यजे पोरी. त्याच्याच वावरात वेचाले जातो आमी. त्याच्याच खोलीत निजतो."

आम्ही त्यांना पाठमोरं बसवलं. डोक्यावरून पदर, हातावरचं गोंदण झाकायला लांब बाहीचा सदरा, बांगड्या काढून ठेवलेल्या. मागे भिंत नाही, झाड नाही, नुसतं पांढरं धोतर टांगलेलं. राहिला आवाज. मावशींचा आवाज घोगरा आणि भरदार, वाक्याच्या शेवटी थोडा वर उचललेला. भाद्रपदात गावातल्या पोरी भुलाबाई मांडतात, तेव्हा गाणी सांगायला आधी मावशींना बोलावतात. आजूबाजूच्या दोन-चार गावांनाही तो माहीत. जानेफळ म्हणाला, आवाज मी बदलतो, त्यांचा नवरासुद्धा ओळखणार नाही.

त्याने बदलला. मग प्रश्न आला मूळ आवाजाचा. आमच्यातली एक म्हणाली, पुसून टाका, उगाच धोका कशाला. बाकीचे आम्ही तिच्यावर तुटून पडलो. मूळ बोलणं पुसलं तर उद्या चौकशी लागल्यावर तो मालक म्हणेल, कोणीतरी यंत्राकडून बोलवून घेतलंय. मूळ राहिलंच पाहिजे. बाबांनीही मान डोलावली. मग जानेफळने दोन्ही आवाज एकाच फाइलीत ठेवले, म्हणजे ताटातूट व्हायला नको. एमकेव्ही नावाच्या डब्यात तसं करता येतं. एक चित्र आणि दोन आवाज, आणि कोणता ऐकवायचा त्याची खूण आत करून ठेवायची. त्याने बदललेल्या आवाजावर खूण केली.

नियमाप्रमाणे आम्ही लॅपटॉप घेऊन मावशींकडे गेलो आणि त्यांना दाखवलं. पाठमोरी बाई बोलायला लागली तशा त्या हसल्या.

"हे कोन म्हातारं बोलून राह्यलं? नाकात कापूस घातला का त्यानं?"

काका खाटेवरून म्हणाले, "आवाज तं कोनाचाच नाई हा. पन बोलनं तुहं हाये."

"बोलनं महंच राहू द्या," मावशी म्हणाल्या. "हाव. लावा आता."

जानेफळने ती फाइल खामगावहून, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून चढवली. चित्र पानावर चालतंय हे त्याने पाहिलं. तिथल्या कॉम्प्युटरांना स्पीकर नव्हते.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरचा बाजार होता. आमचं पान जुन्या कॉम्प्युटरवर, मंद नेटवर उघडतं का हे बघायला मी तिथे गेले, कारण आमचे लोक तसल्याच कॉम्प्युटरवर बघणार होते. नेट कॅफे म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली, त्यात तीन कॉम्प्युटर आणि बाजाराला आलेल्यांची गर्दी. मला कडेचा मिळाला. दुकानवाल्याला गाण्यांचा शौक होता, त्यामुळे स्पीकर मोठे आणि आवाज पूर्ण वर.

पान उघडलं. काळी चौकट आली, कडं फिरायला लागलं. मी मनात म्हटलं, चल बाबा, चल. कडं थांबलं. पाठमोरी बाई दिसली, आणि मावशी बोलायला लागल्या.

म्हातारं नाही. मावशी. तोच घोगरा, वर उचललेला आवाज, त्या खोलीच्या छतापर्यंत.

"मालक गाडीत मह्याजवळ बसला अन् म्हने, डॉक्टरनं इचारलं तं..."

मी बंद करायला गेले. बाण चौकटीपर्यंत पोचला आणि तिथेच चिकटला. चित्र थिजलं. पानावर मजकूर आला की पान प्रतिसाद देत नाही, थांबायचं आहे का. मावशी मात्र थांबल्या नव्हत्या. जेवढं उतरून झालं होतं तेवढं सगळं त्या बोलत राहिल्या, डबा, दारू, दवाखाना. चित्रातली बाई हलत नव्हती आणि तिचं बोलणं चालू होतं. मी टेबलाखाली वाकून स्पीकरची वायर शोधली. तिथे वायरींचा गुंता होता. पहिली ओढली तर शेजारच्याचा कॉम्प्युटर बंद पडला. तो ओरडला. दुसरी ओढली तेव्हा शांतता झाली.

मी वर आले. माझ्या मागे झेरॉक्ससाठी थांबलेला एक माणूस उभा होता, पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, हातात सातबारा. तो स्क्रीनकडे पाहत होता.

"आवाज ओयखीचा वाटून राह्यला," तो म्हणाला.

"टीव्हीवरचं आहे काका."

तो हसला. "टीव्हीवर आपल्यासारखं कोन बोलते मॅडम? टीव्हीवाले तं शेतकरी दाखवतात, तोही पुन्याचं बोलते." मग स्क्रीनकडे बोट करून म्हणाला, "भुलाबाईचे गाने म्हनते थे बाई व्हय ना ही? आमच्या तिकडची?"

मी म्हटलं, "नाही." एवढ्या पटकन म्हटलं, की तो अजूनच हसला. त्यात वाईट काही नव्हतं. ओळखीचा आवाज परक्या जागी भेटल्याचा आनंद होता. मला तो माणूस चांगला वाटला आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. वाईट माणूस विचार करून बोलतो. हा बाजारातून घरी जाऊन, हातपाय धुता धुता, सहज सांगणार होता.

मी बाहेर येऊन जानेफळला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"पान काढ. आत्ताच्या आत्ता."

"काऊन? चालत नाही का?"

"चालतंय. त्यांच्या आवाजात चालतंय."

"अवं, म्या ऐकलं ना. बराबर होतं."

"लॅपटॉपवर ऐकलं. ब्राउझरमध्ये ऐकलं का?"

पलीकडून किबोर्डचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "काढलं. फाइलीसकट." आणि त्याच दमात सांगत सुटला. तो प्रोग्राम एका फाइलीतून एकच आवाज उचलतो. आपण केलेली खूण तो बघत नाही. जो आवाज जास्त भरीव असेल तो घेतो. मूळ आवाज कॅमेऱ्याने दोन बाजूंनी टिपलेला होता. बदललेला त्याने एका बाजूचाच केला होता, फाइल हलकी व्हावी म्हणून. प्रोग्रामने त्याच्या हिशेबाने चांगला आवाज निवडला.

"कालपासून किती जणांनी पाह्यलं?"

"पाह्यलं थे दिसते," तो म्हणाला. "उतरवून कोनी घेतलं थे दिसत नाही."

मावशींच्या गावाकडे जाणारी जीप भरत होती. मी आत शिरले, आणि माझ्या समोरच्या बाकावर तोच माणूस बसला होता, सातबारा आता पिशवीत, मांडीवर गुळाची ढेप. त्याने मला ओळखून मान हलवली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या प्रवासात घाबरले तेवढी मी कधीच घाबरलेली नाही. त्याला सांगावं का, की काका, कोणाला बोलू नका? सांगितलं तर त्याला जे नुसतं वाटत होतं ते पक्कं होणार. नाही सांगितलं तर तो बोलणार. जीपमध्ये कोणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी लागलं, बाईचा आवाज आला, आणि मी इतकी दचकले की शेजारच्या म्हातारीने माझा हात धरला. साबणाची जाहिरात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, हिरवीगार, उंच. लांबून बघणाऱ्याला वाटावं काय पीक आलंय.

मावशींचं गाव यायच्या आधीच तो माणूस ड्रायव्हरला म्हणाला, "थांबव रे, केंद्रापाशी." आणि जीप कृषी केंद्रापाशी थांबली. मालकाच्या. तो गुळाची ढेप सांभाळत उतरला आणि दुकानाच्या पायऱ्या चढला. काऊंटरवर कोण होतं ते मला दिसलं नाही. जीप निघाली.

मावशी वेचणीला गेल्या होत्या, त्याच मालकाच्या शेतात. तिथे जाऊन हाक मारणं शक्य नव्हतं. मी खोलीपाशी गेले. काका ओट्यावर बसले होते, डोळे समोर पण कशावरच नाहीत.

"कोन?"

"मी काका."

"बुलढान्याची पोरगी. बस." मग म्हणाले, "दम काऊन लागला तुले? कोनी मागं लागलं का?"

मी म्हटलं, मावशी आल्यावर सांगते. आम्ही दोघं बसून राहिलो. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की ते मान वळवायचे आणि म्हणायचे, ही ग्रामपंचायतीच्या शिपायाची, ही दूधवाल्याची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ही मालकाची म्हणतील.

ऊन कलल्यावर मावशी आल्या, कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी, केसांत कापसाचे तंतू. मला बघून त्या थबकल्या. मी सगळं सांगितलं, एका दमात, नेट कॅफे, आवाज, तो माणूस, कृषी केंद्राच्या पायऱ्या. त्यांनी ओटी सोडली नाही. उभ्याच राहिल्या.

"दवाखान्याचं आलं त्याच्यात? दारूचं?"

"हाव."

"मह्याच आवाजात?"

"हाव मावशी. पान काढून टाकलं. लगेच."

"मंग उरलं कुठी?"

मी सांगितलं, कोणी आपल्या मोबाइलात उतरवून घेतलं असेल तर ते आम्हाला दिसत नाही. त्या खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या, शेजारच्या झाडालाही ऐकू जाऊ नये अशा.

"तुह्या बापाचा कागद असता ना, तं मी गोळा करून चुलीत घातला असता. सारे नाई तं चार तरी. हे कुठून गोळा करू?"

काका म्हणाले, "धाड गावाले तुहा भाऊ हाये. जाऊ उद्या."

"अन् खासान काय? त्याचे लेकरं कमी हायेत का?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गेलो तं त्याले समजलंच. राह्यलो तं कदाचित नाई समजनार."

तेवढ्यात काकांची मान वळली. मोटारसायकल. यावेळी त्यांनी कोणाची ते सांगितलं नाही.

मालक ओट्यासमोर थांबला, गाडी बंद न करता. पांढरा शर्ट, कानाला मोबाइल लावून ठेवायची सवय असल्यासारखी मान एका बाजूला. आधी त्याने मला पाहिलं.

"ही कोन?"

"भाची मही," काका म्हणाले. "अकोल्याची."

"कधी आली?"

"आत्ता. मले पाहाले आली."

त्याने गाडी बंद केली. मला स्पष्ट आठवतं, इंजिन थांबल्यावरची ती शांतता, आणि मावशी ओटीच्या गाठीशी खेळत जमिनीकडे पाहत असलेल्या. त्याने त्यांना विचारलं, किती वेचला. उत्तर काकांनी दिलं. विचारलं, उद्या येता का. काकांनीच दिलं. मग तो काकांकडे न बघता म्हणाला,

"मी बाईले इचारून राह्यलो. तिचं तोंड शिवलं का?"

मावशींनी मान वर केली नाही.

"बाजारातून लोक आले," तो म्हणाला. "मोबाइलात म्हने आपल्या तिकडचं कोनी बोलून राह्यलं, फवाऱ्याचं. तुह्या कानावर आलं का काई?"

काका काही बोलायला गेले, पण मावशींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि त्या बोलल्या, त्यांच्या नेहमीच्या भरल्या आवाजात, शेवट वर उचलून.

"मह्या कानावर काय येते मालक? दिवसभर वावरात रायतो. मोबाइल हाये का मह्याजवळ?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने तो व्हिडिओ ऐकला होता की त्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून शोधत होते. काही सापडलं नाही. नंतरही कधी कळलं नाही.

"उद्या खालच्या वावरात ये," तो म्हणाला. "नाल्याकडच्या. तिकडे कापूस सुटला."

"कोन कोन हाये तिकडे?"

"तू ये आधी."

गाडी सुरू झाली आणि गेली. काकांचे ओठ हलत होते. मावशी म्हणाल्या, "नाल्याकडे यंदा कोनालेच पाठवलं नव्हतं त्यानं." मग मला म्हणाल्या, "तुमच्याजवळ महा खरा आवाज कितीक ठिकानी हाये?"

मी सांगितलं. जानेफळच्या लॅपटॉपमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात, एका पेन ड्राइव्हमध्ये.

"सारं घेऊन या उद्या सकाळी. मह्यासमोर पुसा. तुमी पुसलं म्हनसान अन् मी मानीन, असं आता होनार नाई."

बुलढाण्याला पोचले तेव्हा बाबा जेवत होते. मी सांगितल्यावर त्यांनी ताट बाजूला केलं. मूळ पुसू नका, कुलपात ठेवा, असंच ते आधी म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. मूळ गेलं तर उरणार फक्त बदललेला आवाज, आणि तो कुठल्याच चौकशीत कोणी मानणार नाही. काका कायमचे स्वतःच्या हाताने विष प्यायलेलेच राहणार. हे आम्हा दोघांनाही समजत होतं. आई भांडी घासता घासता म्हणाली, "मूळ कोनाचं हाये?"

बाबांनी ताटातच हात धुतला. शेवटी मला म्हणाले, "ती काय म्हणाली?"

"पुसा म्हणाली."

"मग मला काय विचारतेस?"

सकाळी जानेफळ आणि मी त्याच्या गाडीवरून गेलो. मावशी तयार होत्या, ओटी बांधून, भाकरीचं फडकं हातात. जानेफळने लॅपटॉप ओट्यावर उघडला. त्यांनी आधी ऐकायचं म्हटलं. त्याने अगदी बारीक आवाजात खरा आवाज लावला. त्या वाकून शेवटपर्यंत ऐकत होत्या, काकाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "बराबर सांगतलं होतं म्या." आणि मग म्हणाल्या, "पुस."

त्याने पुसलं. पेन ड्राइव्ह पुसला. कार्ड त्याने पुसून मग दोन बोटांत धरून मोडलं, कारण मावशींना पुसणं दिसत नव्हतं आणि मोडणं दिसत होतं.

"गेलं?"

"आमच्याजवळचं गेलं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तो वायर गुंडाळत बसला.

मी म्हटलं, "मावशी, मी येते तुमच्यासोबत वावरात."

"तू आलीस तं समजनच त्याले. इथीच राय. ह्याईच्याजवळ बस."

आम्ही ऐकलं नाही. काकांना सांगून, मावशींच्या मागे बरंच अंतर ठेवून निघालो आणि नाल्याच्या अलीकडे बाभळीपाशी थांबलो. जानेफळने गाडीची किल्ली हातातच धरली होती. मावशी बांधावरून चालत गेल्या, वळल्या नाहीत, आणि शेतात शिरल्या. पऱ्हाटी त्यांच्या डोक्यावर होती. काही पावलांत पदर दिसेनासा झाला. नुसती झाडं हलत होती, एका रेषेत, आत आत. मग तीही हलायची थांबली.

बऱ्याच वेळाने शेताच्या मधून एका बाईने मावशींना हाक मारली, कंटाळलेली, रोजची. एवढा उशीर काऊन केला, म्हणून. तिच्यामागून दुसऱ्या कोणीतरी हसलं. बायका होत्या तिथे. जानेफळ खाली बसला.

सगळ्यांच्या ओळखीच्या त्या आवाजात मावशींनी ओ दिली नाही. झाडांच्या वर फक्त त्यांचा हात आला, हाक मारणारीच्या दिशेने, आणि लगेच खाली गेला.